जुन्या तापमान-नोंदींवरून हवामानाची संवेदनशीलता कशी काढावी

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि हवामानाला नव्या स्थितीत स्थिरावायला पुरेसा वेळ मिळाला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान किती अंशांनी वाढेल? या आकड्याला हवामानाची संवेदनशीलता म्हणतात. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हा हिशेब हाताने केला तेव्हा उत्तर पाच-सहा अंश आले. अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या समितीने १९७९ मध्ये दीड ते साडेचार अंश असा पल्ला दिला. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २०२१ च्या सहाव्या अहवालात सर्वोत्तम अंदाज ३ अंश आहे आणि खरा आकडा २.५ ते ४ अंशांत असण्याची शक्यता अधिक मानली आहे.

तिथपर्यंत पोचण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत: हवामानातल्या प्रक्रियांचा, विशेषतः ढगांचा अभ्यास, हिमयुगासारख्या प्राचीन काळाचे पुरावे, आणि १८५० नंतर उपकरणांनी मोजलेले तापमान. इथे तिसरी वाट दिली आहे. गणित शाळेतल्या भागाकाराइतकेच आहे आणि स्प्रेडशीटमध्ये होते. वेळ जातो तो भागाकारात घालायचे आकडे निवडण्यात, आणि चुका होतात त्याही तिथेच.

सूत्र

हरितगृह वायू वाढले की पृथ्वी जेवढी उष्णता अवकाशात सोडते त्यापेक्षा जास्त शोषू लागते. या ढकलीला फोर्सिंग म्हणतात. ते वॉट प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. पुढे नुसते वॉट म्हटले असेल तिथे प्रति चौरस मीटर धरावे. पृष्ठभाग तापला की तो जास्त उष्णता बाहेर टाकतो आणि ढकलीचा काही भाग फिटतो. उरलेला भाग म्हणजे ऊर्जेचा असमतोल. तो बहुतेक सगळा समुद्रात मुरतो. म्हणून:

संवेदनशीलता = दुपटीचे फोर्सिंग × तापमानवाढ ÷ (फोर्सिंगमधला बदल − असमतोलातला बदल)

कंसातली वजाबाकी म्हणजे तापमानवाढीने आतापर्यंत फेडलेले फोर्सिंग. असमतोल वजा केला नाही, तर मिळते ते वेगळेच उत्तर. ती तात्कालिक संवेदनशीलता, म्हणजे टीसीआर. कार्बन डायऑक्साइड दरवर्षी १ टक्क्याने वाढत जाऊन ७०व्या वर्षी दुप्पट होतो, त्या सुमारास तापमान किती वाढलेले असेल, हे ती सांगते. समुद्र तोवर पुरता तापलेला नसतो, त्यामुळे टीसीआर नेहमी लहान येते. ही दोन उत्तरे एकमेकांच्या जागी वापरलेली पुष्कळदा दिसतात. कुठलाही आकडा वाचताना आधी तो यातला कुठला, ते पाहावे.

सूत्रातला प्रत्येक 'बदल' दोन कालखंडांमधला फरक आहे: एक जुना, पायाभूत, आणि एक अलीकडचा. पुढच्या हिशेबासाठी पायाभूत खंड १८५०–१९०० आणि अलीकडचा २००६–२०१९ धरला आहे. सहाव्या अहवालातली निवड हीच आहे.

तापमानवाढ

जगाच्या सरासरी तापमानाच्या चार प्रमुख मालिका कुणालाही मोफत उतरवून घेता येतात: ब्रिटनची हॅडक्रट५, नासाची जिसटेम्प, नोआची (अमेरिकेच्या समुद्र व वातावरण संस्थेची) नोआग्लोबलटेम्प आणि बर्कली अर्थ. हॅडक्रट५ आणि बर्कली अर्थ १८५० पासून आहेत. जिसटेम्प १८८० पासून सुरू होते, म्हणून १८५०–१९०० च्या पायासाठी ती चालत नाही. प्रत्येक मालिकेचे शून्य वेगळे असते. हॅडक्रट ते १९६१–१९९० च्या सरासरीवर मांडते, जिसटेम्प १९५१–१९८० वर. दोन मालिका शेजारी ठेवण्याआधी दोघींतून एकाच कालखंडाची सरासरी वजा करावी. हे राहून गेले तर त्यांच्यात खोटा फरक दिसतो.

वार्षिक सरासरीची तयार फाइल घेतली तर काम सरळ आहे. पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांची जाळी टाकून पाडलेल्या चौकटींची मूळ फाइल घेऊन स्वतः सरासरी काढायची असेल तर प्रत्येक चौकटीला तिच्या मध्य-अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्यावे लागते. ५ अंशांच्या जाळीत विषुववृत्तालगतच्या चौकटीचे वजन जवळजवळ १ असते, ७२.५ अंशांवरच्या चौकटीचे ०.३. वजन न देता सरासरी काढली तर ध्रुवीय प्रदेशाला त्याच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट महत्त्व मिळते, आणि आर्क्टिक जगाच्या कितीतरी पट वेगाने तापत असल्यामुळे उत्तर फुगते.

उलट दिशेची चूक जास्त काळ टिकली. हॅडक्रटच्या आधीच्या आवृत्तीत आर्क्टिकच्या पुष्कळ चौकटी रिकाम्या होत्या. त्या सोडून सरासरी काढणे म्हणजे तिथे जगाच्या सरासरीइतकीच वाढ झाली असे गृहीत धरणे. काउटन आणि वे या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास शेजारच्या नोंदींवरून त्या जागा सांख्यिकी पद्धतीने भरल्या, तेव्हा अलीकडच्या वर्षांतली वाढ आधीच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. हॅडक्रट५ मध्ये अशी भरलेली आवृत्ती मिळते. तीच घ्यावी.

समुद्राच्या नोंदींकडे बारकाईने पाहायला हवे, कारण पृथ्वीचा ७१ टक्के भाग तोच आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात तापमापी बुडवत. लाकडी बादलीत पाणी फारसे निवत नसे. पुढे आलेल्या कॅनव्हासच्या बादलीतून पाणी झिरपून बाष्पीभवन होई आणि तापमान कमी भरे. नंतर इंजिनरूममध्ये येणाऱ्या थंड पाण्याच्या नळावर मोजमाप होऊ लागले. तिथली नोंद किंचित जास्त येते. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक नोंदी इंजिनच्या नळावरच्या होत्या. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या बादलीच्या नोंदी वाढल्या आणि १९४५ च्या उत्तरार्धात समुद्राचे तापमान एकदम सुमारे ०.३ अंशाने 'पडले'. ही पडझड मोजण्याच्या पद्धतीतली आहे, हे २००८ मध्ये दाखवून दिले गेले. नव्या मालिकांत दुरुस्ती आहे, तरी १९४० चे दशक कुठल्याही खंडाच्या टोकावर ठेवू नये.

आणखी एक बारीक फरक. या मालिकांत जमिनीवर हवेचे तापमान असते आणि समुद्रावर पाण्याचे. हवामानाच्या संगणकीय मॉडेलमधून येणारा आकडा बहुधा सगळीकडे हवेचाच असतो. दोन्ही सरसकट एक मानू नयेत. सहाव्या अहवालाने त्यांच्या वाढीत १० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, मात्र दिशा निश्चित नाही, असे धरले आहे. ती अनिश्चितता आपल्या हिशेबात धरावी.

शहरांच्या उष्णतेची चर्चा खूप होते, पण आकड्यावर तिचा परिणाम लहान आहे. जमिनीवरच्या वाढीत तिचा वाटा १० टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी मानली जाते, आणि जमीन पृथ्वीच्या २९ टक्केच आहे. तिच्यावर जाणारा वेळ बादल्यांना द्यावा.

खंड निवडताना ज्वालामुखी आणि एल निनो (पूर्व प्रशांताचे पाणी अधूनमधून तापून जग तात्पुरते गरम होते ती घटना) यांच्याकडे लक्ष हवे. क्रॅकाटोआ १८८३ मध्ये, सांता मारिया १९०२ मध्ये, नोव्हारुप्टा १९१२ मध्ये, अगुंग १९६३ मध्ये, एल चिचोन १९८२ मध्ये आणि पिनाटुबो १९९१ मध्ये उसळला. पिनाटुबोनंतर जग तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाले. एका खंडात मोठा उद्रेक आणि दुसऱ्यात नाही, अशी जोडी असेल तर उत्तर ज्वालामुखीच्या फोर्सिंगच्या अचूकतेवर टांगून राहते. म्हणून काही अभ्यासक १८६९–१८८२ सारखा शांत पाया घेतात. अलीकडचा खंड किमान दहा-बारा वर्षांचा असावा. एकच वर्ष घेणे किंवा सगळ्या मालिकेतून एक सरळ रेषा ओढणे, दोन्ही टाळावे. फोर्सिंग सरळ रेषेत वाढलेले नाही.

आपल्या हिशेबासाठी तापमानवाढ १.०३ अंश, ± ०.२०. या लेखातला ± म्हणजे ५ ते ९५ टक्के पल्ला.

इथेच महाराष्ट्रातल्या वाचकाला पडणारा एक प्रश्न. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची निरीक्षणे आहेत, पुण्याच्या हवामान खात्याकडे देशभराच्या चौकटींची मालिका आहे. मग त्यांच्यावरून हा आकडा काढता येईल का? नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, म्हणजे जगापेक्षा कमी. आपल्यावरची धुरकट हवा आणि सिंचनाखालची जमीन यांनी वाढ काही प्रमाणात झाकली आहे. हा ०.७ सूत्रात टाकला तर उत्तर जेमतेम १.७ येते आणि ते सर्वस्वी चुकीचे असते. सूत्रातले फोर्सिंग आणि असमतोल जगाचे आहेत, म्हणून तापमानही जगाचेच हवे. कुलाब्याची नोंद मोलाची आहे, पण ती जगाच्या सरासरीतला एक बिंदू म्हणून.

फोर्सिंग: खरी अडचण

कार्बन डायऑक्साइडचा भाग सोपा आहे. फोर्सिंग प्रमाणाच्या लॉगरिदमनुसार वाढते. सहाव्या अहवालानुसार दुपटीचे फोर्सिंग ३.९३ वॉट, ± ०.४७. त्याला २ च्या नैसर्गिक लॉगरिदमने भागले की गुणक ५.६७ मिळतो. १७५० साली हवेत दशलक्षात २७८ भाग होते, २०१९ मध्ये ४१०. ४१० भागिले २७८, त्याचा लॉगरिदम ०.३९, गुणिले ५.६७, म्हणजे २.२ वॉट. अहवालाचा आकडा २.१६ आहे. सहज पडताळून पाहता येतो, तेव्हा पाहावाच.

बाकीच्या गोष्टींचे २०१९ चे आकडे, १७५० च्या तुलनेत: मिथेन ०.५४, नायट्रस ऑक्साइड ०.२१, क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायू ०.४१, ओझोन ०.४७ वॉट. जमिनीच्या वापरातल्या बदलामुळे सुमारे −०.२. सूर्यामुळे जवळजवळ शून्य. आणि एरोसोलमुळे, म्हणजे धूर, सल्फेट वगैरे हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे, सुमारे −१.१.

सगळा घोळ या शेवटच्या आकड्यात आहे. एरोसोल सूर्यप्रकाश थेट परतवतात, शिवाय ढगांतले थेंब बारीक आणि संख्येने जास्त करून ढग उजळ बनवतात. १७५० मध्ये हवा किती स्वच्छ होती हे कुणी मोजलेले नाही. २००५–२०१४ साठी अहवाल −१.३ देतो आणि पल्ला −२.० ते −०.६ असा ठेवतो. एकूण फोर्सिंगच्या अनिश्चिततेचा सर्वांत मोठा वाटा इथून येतो.

प्रत्यक्षात वार्षिक फोर्सिंगची तयार मालिका उतरवून घ्यावी आणि दोन्ही खंडांची सरासरी काढून वजा करावी. मालिका १७५० च्या तुलनेत असते आणि आपला पाया १८५०–१९०० आहे, हे विसरले की गणित बिघडते. १८५० पर्यंतच कार्बन डायऑक्साइड २८५ च्या आसपास गेला होता, म्हणजे सुमारे ०.१५ वॉट आधीच जमा होते. दुसरी खबरदारी ज्वालामुखीच्या रकान्याची. काही मालिका दीर्घकालीन सरासरी उद्रेकांना शून्य मानतात, काही उद्रेक नसण्याला. एका मालिकेचा ज्वालामुखी-रकाना दुसऱ्या मालिकेत चिकटवू नये.

तिसरी खबरदारी जास्त महत्त्वाची. दुपटीचे फोर्सिंग आणि फोर्सिंगमधला बदल एकाच व्याख्येचे हवेत. जुन्या लेखांत दुपटीसाठी ३.७१ वॉट असते. ते घेऊन खाली सहाव्या अहवालाची मालिका वापरली तर उत्तर ६ टक्क्यांनी घसरते, आणि घसरण निसर्गातली नसून आकड्यांच्या बेमेळातली असते.

आपला आकडा: २.२० वॉट, पल्ला १.५३ ते २.९१.

असमतोल: समुद्रात मुरलेली उष्णता

पृथ्वीत साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के समुद्रात जाते, ५ टक्के जमिनीत, ३ टक्के बर्फ वितळण्यात आणि १ टक्का हवेत. म्हणून असमतोल मोजायचा तर समुद्राचे तापमान खोलवर मोजावे लागते. २००५ च्या सुमारापासून हे काम आर्गो तरंडे करतात. दर १० दिवसांनी ते २००० मीटरवरून वर येतात, वाटेत तापमान आणि क्षारता नोंदवतात आणि माहिती उपग्रहाला पाठवतात. २००७ मध्ये त्यांची संख्या ३००० वर गेली. भारताच्या आर्गो तरंड्यांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडे जमा होते आणि तिथून ती कुणालाही घेता येते. आर्गोच्या आधीच्या नोंदी जहाजांवरून टाकलेल्या उपकरणांच्या आहेत. त्यांतले एक्सबीटी आपली खोली मोजत नाही, पडण्याच्या वेगावरून ती धरली जाते. वेगाचा अंदाज चुकला की खोली चुकते आणि उष्णताही. म्हणून अलीकडचा खंड आर्गोच्या काळात बसवावा.

समुद्राच्या उष्णतेच्या मालिका ज्यूलमध्ये असतात. त्यांचे वॉट असे करावेत: पृथ्वीचे क्षेत्रफळ ५.१ × १०^१४ चौरस मीटर, वर्षाचे सेकंद ३.१६ × १०^७. गुणाकार केला की १ वॉट प्रति चौरस मीटर म्हणजे वर्षाला १६.१ झेटाज्यूल (एक झेटाज्यूल = १०^२१ ज्यूल). समुद्रात वर्षाला १० झेटाज्यूल साठत असतील तर ते ०.६२ वॉट. ०.९१ ने भागले की सगळ्या पृथ्वीचा असमतोल ०.६८. २००० मीटरखालच्या पाण्याची उष्णता वेगळी मिळवावी लागते. ती लहान आहे, पण शून्य नाही. इथे भागाकाराला समुद्राचे क्षेत्रफळ घेण्याची चूक सर्रास होते, त्याने आकडा १.४ पट होतो. फोर्सिंग सगळ्या पृथ्वीवर पसरून मोजलेले आहे, तर असमतोलही तसाच हवा.

उपग्रहांवरची सेरेस उपकरणे २००० पासून येणारी आणि जाणारी ऊर्जा थेट मोजतात. त्यांच्यावरून चढ-उतार छान दिसतात, पण मूळ पातळी तेवढी अचूक नसते. ती आर्गोवरूनच जुळवून घेतलेली आहे. त्यामुळे 'आर्गो आणि सेरेस जुळतात' हा स्वतंत्र पुरावा समजू नये. चढ-उतार जुळतात, एवढेच त्यातून सिद्ध होते.

२००६–२०१८ साठी असमतोल ०.७९ वॉट. १८५०–१९०० मध्येही तो शून्य नव्हता, अंदाजे ०.२० होता. फरक ०.५९, ± ०.३५. जुन्या खंडातला असमतोल वजा करायचा राहिला तर भाजक १.६१ ऐवजी १.४१ होतो आणि उत्तर २.५ वरून २.९ वर जाते.

भागाकार

३.९३ × १.०३ ÷ (२.२० − ०.५९) = ४.०५ ÷ १.६१ = २.५ अंश.

टीसीआरसाठी ४.०५ ÷ २.२० = १.८ अंश.

एरोसोलचे वजन आता आकड्यांतच पाहावे. एरोसोल अर्ध्या वॉटने जास्त थंड करत असतील तर भाजक १.११ आणि उत्तर ३.६ अंश. अर्ध्या वॉटने कमी करत असतील तर भाजक २.११ आणि उत्तर १.९. तापमानवाढीत ०.१ अंशाची चूक झाली तर उत्तर जेमतेम पाव अंशाने हलते. तापमापी आणि शहरांवर वाद घालण्यात जाणारी शक्ती एरोसोलवर लागायला हवी, असे आमचे ठाम मत आहे.

पल्ला काढणे

अनिश्चितता वर्गमुळाच्या नेहमीच्या सूत्राने काढू नये. भाजक अनिश्चित असेल तर उत्तराचा पल्ला एकसारखा पसरत नाही. वरच्या बाजूला लांब शेपूट येते. यासाठी यादृच्छिक नमुन्यांची पद्धत वापरावी.

प्रत्येक आकड्याचा ± भाग १.६४५ ने भागून प्रमाण विचलन काढावे. तापमानवाढीचे ०.१२, असमतोलाचे ०.२१, दुपटीच्या फोर्सिंगचे ०.२९, फोर्सिंगमधल्या बदलाचे सुमारे ०.४२. या वितरणांतून एक लाख संच काढावेत आणि प्रत्येक संचासाठी सूत्र चालवावे. मिळालेली उत्तरे चढत्या क्रमाने लावून ५वा, ५०वा आणि ९५वा शतमान वाचावा. मध्य २.५ च्या आसपास येतो, खालचे टोक साधारण १.६ ते १.७ आणि वरचे ४.८ च्या जवळ.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, सरासरी वापरू नये, मध्यक घ्यावा. एक लाखात काही मोजक्या संचांत भाजक शून्याजवळ किंवा ऋण येतो आणि उत्तर शेकड्यांत किंवा उणे जाते. सरासरी तेवढ्यानेच उधळते. असे संच काढून टाकू नयेत. भाजक शून्य किंवा ऋण असेल तर संवेदनशीलता 'फार मोठी' धरून ते यादीच्या वरच्या टोकाला ठेवावेत. काढून टाकले तर शेपूट नकळत छाटली जाते.

दुसरी, दुपटीचे फोर्सिंग आणि फोर्सिंगमधला बदल स्वतंत्र नाहीत. आपल्या दोन खंडांमधल्या बदलात कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे पावणेदोन वॉट आहे. नमुन्यात दुपटीचा आकडा १० टक्क्यांनी वाढला तर हा वाटाही १० टक्क्यांनी वाढला पाहिजे. तेव्हा फोर्सिंग दोन तुकड्यांत ठेवावे, कार्बन डायऑक्साइड एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या, आणि पहिल्या तुकड्याला तोच गुणक लावावा.

तिसरी, बायेसियन पद्धत वापरणाऱ्यांसाठी. संवेदनशीलतेवर ० ते १० किंवा ० ते २० असे सपाट पूर्ववितरण (नोंदी पाहण्याआधी धरलेला अंदाज) ठेवले तर ते तटस्थ वाटते, पण त्याने वरची शेपूट जाड होते, आणि वरची मर्यादा कुठे घातली यावर उत्तर अवलंबून राहते. पूर्ववितरण बदलून दोन-तीनदा चालवावे आणि प्रत्येक वेळचा पल्ला द्यावा.

शेवटी खंड बदलून पाहावे: पाया १८५०–१९००, मग १८६९–१८८२; मालिका हॅडक्रट५, मग बर्कली अर्थ. मध्यक दहा-पंधरा टक्के हलला तर ठीक. दुपटीने हलला तर एखादा खंड ज्वालामुखीवर पडला आहे किंवा एखादी वजाबाकी राहिली आहे.

२.५ हे अंतिम उत्तर का नाही

इथपर्यंत येऊन थांबणारे अभ्यास बरेच झाले. २०१३ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात याच पद्धतीने २.० अंश आले आणि 'हवामान कमी संवेदनशील आहे' अशा बातम्या आल्या. पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे: आतापर्यंतच्या प्रत्येक अंशाने जेवढे फोर्सिंग फेडले, तेवढेच पुढचा प्रत्येक अंश फेडेल. हे खरे नाही, आणि त्याचे कारण प्रशांत महासागरात आहे.

गेल्या काही दशकांत पश्चिम प्रशांत, इंडोनेशियाच्या बाजूचा, चांगलाच तापला. पेरू-चिलीलगतचा पूर्व भाग मात्र फारसा तापला नाही, काही भाग थंडही झाला. पश्चिमेचे गरम पाणी हवेला उंचावर नेऊन संपूर्ण उष्णकटिबंधाची वरची हवा तापवते. पूर्वेला खाली थंड पाणी आणि वर गरम हवा अशी स्थिती झाली की मधला थर घट्ट होतो, खालचे सपाट ढग वाढतात आणि सूर्यप्रकाश परतवतात. म्हणजे मोजलेल्या काळात ढगांनी नेहमीपेक्षा जास्त गारवा दिला. पूर्व प्रशांत तापेल तेव्हा हे ढग विरळ होतील आणि तो गारवा कमी होईल. मॉडेलना समुद्राचे प्रत्यक्ष नोंदवलेले तापमान देऊन चालवले, की त्यांचीही संवेदनशीलता त्यांच्या स्वतःच्या दीर्घकालीन आकड्यापेक्षा कमी येते. हाच या परिणामाचा मुख्य पुरावा.

दुरुस्ती अशी करतात. आधी प्रत्येक अंशामागे फिटलेले फोर्सिंग काढावे: १.६१ ÷ १.०३ = १.५६ वॉट. सहाव्या अहवालाने पुढे हे सुमारे ०.५ ने घटेल असे धरले आहे, ± ०.५. मग १.५६ − ०.५ = १.०६, आणि ३.९३ ÷ १.०६ = ३.७ अंश. दुरुस्ती शून्य धरली तर २.५, पूर्ण १ धरली तर ७. हा ± ०.५ नमुन्यांच्या पद्धतीत घातला की वरचे टोक दहाच्या पलीकडे जाते. म्हणजे मोजलेल्या तापमानावरून खालची मर्यादा ठामपणे सांगता येते, दीड अंशाखाली उत्तर जाणे अवघड आहे. वरची मर्यादा मात्र यातून मिळत नाही. ती प्राचीन काळावरून घ्यावी लागते. सुमारे २१,००० वर्षांपूर्वीच्या शेवटच्या हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १९० भागांजवळ होता आणि जग ५ ते ७ अंशांनी थंड होते. संवेदनशीलता फार मोठी असती तर ते याहून थंड असायला हवे होते. आयपीसीसीचा २.५ ते ४ हा पल्ला असे वेगवेगळे पुरावे जोडून आला आहे, एका भागाकारातून नव्हे.

पूर्ण मालिका वापरायची असेल तर

दोन खंडांच्या फरकाऐवजी सगळी वर्षे वापरायची तर दोन थरांचे मॉडेल पुरते. वरचा थर हवा, जमीन आणि समुद्राचा वरचा भाग, खालचा थर खोल समुद्र. वरच्या थराची उष्णताधारकता प्रति अंश ७ ते ८ वॉट-वर्षे, खालच्याची १०० च्या आसपास, दोन थरांतली देवाणघेवाण प्रति अंश ०.७ वॉट. एक वर्षाची पायरी घेऊन स्प्रेडशीटमध्येच ते चालते. प्रति अंश फेडले जाणारे फोर्सिंग बदलत जाऊन मोजलेल्या तापमानाशी सर्वांत जवळ जाणारे मूल्य शोधावे. फक्त तापमानाशी जुळवणी पुरेशी नाही. समुद्रातली उष्णताही जुळली पाहिजे, नाहीतर जास्त संवेदनशील हवामान आणि उष्णता जास्त गिळणारा समुद्र अशी खोटी जोडीही छान बसते. उरलेल्या फरकात एल निनोमुळे एका वर्षाचा ठसा पुढच्या वर्षावर असतो. वर्षे स्वतंत्र धरली तर पल्ला खोटाच अरुंद दिसतो.

हिशेब आजपर्यंत वाढवायचा असेल तर तिन्ही मालिका एकाच वर्षापर्यंत न्याव्यात. तापमान २०२४ पर्यंत आणि असमतोल २०१८ चाच, असे चालणार नाही. २००५ ते २०१९ या काळात असमतोल जवळजवळ दुप्पट झाल्याचे उपग्रह आणि आर्गो दोन्ही दाखवतात. जुना आकडा ठेवला तर भाजक मोठा राहतो आणि संवेदनशीलता कमी दिसते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि चीनमधला सल्फर डायऑक्साइडही गेल्या दशकात बराच घटला. म्हणून २०१९ चा −१.१ तसाच पुढे ओढू नये, एरोसोलचा रकाना नव्या मालिकेतून घ्यावा. २०२३–२०२४ ही एल निनोची वर्षे आहेत. त्यांच्यावर खंड संपवायचा असेल तर सुरुवात मागे नेऊन तो लांब करावा आणि उत्तरासोबत दोन्ही खंडांची वर्षे, वापरलेल्या मालिकांच्या आवृत्त्या आणि दुपटीच्या फोर्सिंगचा आकडा लिहून ठेवावा.